तार येण्यापूर्वी

ज्या विषयाची ओळख वाचकांस करून देण्याचे काम या प्रस्तावनेकडे आले आहे, त्याचे नावच इतके लांब आहे की ते एका दमात उच्चारणाऱ्यास अर्धा विषय समजला असे मानण्यास हरकत नसावी. वैद्यकाच्या उपयोगी पडणारे अतिसूक्ष्म तंतू विजेच्या ओढीने कातावयाचे. हे तंतू ज्या बहुवारिकाच्या, म्हणजे पॉलिमरच्या, द्रावणातून निघावयाचे, त्या द्रावणास कातण्यापूर्वी प्लाझ्माचा स्पर्श घडवावयाचा. आणि त्या स्पर्शाने पुढील तंतूच्या गुणांत काय फरक पडतो ते पाहावयाचे, असा हा तीन मजली मामला आहे. इंग्रजी नाव देवनागरीत उतरवून ठेवले म्हणजे ते मराठी झाले, असे समजणाऱ्यांपैकी प्रस्तुत लेखक नाही. म्हणून प्रयोगशाळेत शिरण्यापूर्वी वाचकांनी क्षणभर स्वयंपाकघरात यावे, अशी विनंती आहे.

लाडवांसाठी पाक करणारी बाई पळीवरचा थेंब अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये घेते, बोटे हलकेच विलग करते, आणि त्या दोहोंमध्ये एक बारीक तार क्षणभर टिकली म्हणजे पाक एकतारी झाला असे म्हणून पातेले उतरवते. कोणता द्रव ओढला असता तंतू होतो आणि कोणता ओढला असता तुटून थेंब होतो, हा जो या सबंध विषयाच्या गाभ्याचा प्रश्न, तो तिने दोन बोटांत निकालात काढलेला असतो. नुसत्या पाण्यास तार येत नाही, कारण पृष्ठताण त्याला क्षणार्धात गोल करून टाकतो. सारख्या घनफळाच्या सर्व आकारांत गोळ्याचे पृष्ठ लहानात लहान, आणि द्रवाची सारी धडपड आपले पृष्ठ आखडून घेण्याकडे असते. पाकास तार येते ती त्याच्या दाटपणाने, म्हणजे श्यानतेने, या धडपडीस थोडा वेळ खीळ घातल्यामुळे. ही उपमा मला फार प्रिय आहे. पण ती अर्धीच खरी आहे हेही कबूल केले पाहिजे. साखरेचा रेणू आकाराने लहान. तो शेजाऱ्याला बिलगेल, पण त्याच्यात गुंतणार नाही. गुंत्याचा खरा दाखला हवा असेल तर तो कुरडयांच्या चिकाचा घ्यावा.

गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून आणि निवळून काढलेला तो चीक चुलीवर शिजत असता माझी आत्या ओले बोट त्यावर टेकवून पाही, आणि तो बोटास चिकटेनासा झाला की सोऱ्यात भरण्यासाठी आम्हां मुलांची झुंबड उडे. एखाद्या वर्षी चीक कच्चा राही आणि सोऱ्यातून सलग तार पडण्याऐवजी कापडावर लोळागोळा होई. मग आत्या, ‘अरे, त्याला अजून जीव आला नाही, शिजू द्या जरा,’ असे म्हणून पातेले पुन्हा चुलीवर चढवी. ‘जीव’ या शब्दाने तिला जे सांगावयाचे होते त्याचा रसायनशास्त्रातील खुलासा असा की, पिठाच्या कणांत घट्ट मुडपून बसलेल्या स्टार्चच्या लांब साखळ्या उष्णतेने आणि पाण्याने सुटतात आणि एकमेकींत अडकतात. हजारो साध्या दुव्यांची सलग साखळी हाच एक रेणू असू शकतो, हे हेर्मान स्टाउडिंगर याने १९२० साली मांडले तेव्हा त्याच्या काळच्या पुष्कळ रसायनज्ञांस ते पटले नव्हते; त्यास नोबेल पारितोषिक मिळाले ते १९५३ साली. आत्येच्या चुलीपाशी हा वाद कधीच नव्हता.

आता सोऱ्याच्या जागी इंजेक्शनची पिचकारी कल्पावी, चिकाच्या जागी बहुवारिकाचे द्रावण, आणि दांडा दाबणाऱ्या हाताच्या जागी वीज. इलेक्ट्रोस्पिनिंग म्हणतात ते हेच; याला मी या प्रस्तावनेत विद्युत्कातण म्हणणार आहे, ज्यांस हा शब्द रुचणार नाही त्यांनी इंग्रजी शब्द खुशाल चालू ठेवावा. पिचकारीच्या सुईला दहा ते तीस हजार व्होल्टचा दाब जोडलेला असतो आणि तिच्यापुढे वीतभर अंतरावर धातूचा एक पत्रा असतो. सुईच्या टोकाशी लोंबणारा थेंब विजेने भारला गेला की त्याच्या पृष्ठावरील सजातीय भार एकमेकांस ढकलू लागतात, आणि ही ढकल पृष्ठताणास भारी पडू लागली म्हणजे गोल थेंबाचा हळूहळू शंकू होतो. त्या शंकूच्या टोकातून एक सूक्ष्म धार निघते, वाटेत तिच्यातील द्रावक उडून जातो, आणि पत्र्यावर येऊन पडतो तो कोरडा तंतू.

विजेने थेंबाचा शंकू होतो हे निरीक्षण फार जुने आहे. विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने, जो पुढे एलिझाबेथ राणीचा राजवैद्य झाला, १६०० साली प्रसिद्ध केलेल्या चुंबकत्वावरील ग्रंथात लिहून ठेवले आहे की, घासलेला अंबर पाण्याच्या थेंबाजवळ नेला असता थेंब शंकूच्या आकाराने वर ओढला जातो. त्यानंतर तीनशे वर्षे या गोष्टीचा व्यवहारात कोणी उपयोग केला नाही. १९०२ साली अमेरिकेत कूली आणि मॉर्टन यांनी विजेने द्रव फवारण्याची पेटंटे घेतली. १९३४ साली जर्मनीतील आंटोन फॉर्महाल्स यास विजेने कृत्रिम सूत काढण्याच्या यंत्राचे पेटंट मिळाले. आणि १९३८ साली मॉस्कोच्या कार्पोव्ह संस्थेत रोझेनब्लूम आणि पेत्र्यानोव्ह-सोकोलोव्ह यांनी याच मार्गाने हवा गाळण्याचे कापड तयार केले, ते प्रथम विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांत आणि पुढे अणुउद्योगातील गाळण्यांत वापरले गेले. जी. आय. टेलर या केंब्रिजच्या गणितज्ञाने १९६४ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्या शंकूचे गणित मांडून त्याचा अर्धकोन ४९.३ अंशांचा असतो हे दाखवले. तेव्हापासून त्यास टेलरचा शंकू म्हणतात. मग पुन्हा हा विषय दफ्तरात पडला. तो बाहेर काढण्याचे श्रेय मुख्यतः अमेरिकेतील अ‍ॅक्रन विद्यापीठाच्या डॅरेल रेनेकर यांस, १९९० नंतरच्या दशकात, जाते.

रेनेकर आणि त्यांचे सहकारी यांनी केलेली एक दुरुस्ती येथे विस्ताराने सांगण्याजोगी आहे. सुईपासून निघालेली धार दोन-तीन बोटे सरळ जाते आणि मग तिचा एकाएकी धुरकट फणा झालेला दिसतो. हा फणा म्हणजे एका धारेच्या शेकडो धारा झाल्या आहेत, अशी समजूत बरीच वर्षे रूढ होती, आणि डोळ्यांवर विश्वास ठेवणाऱ्यास ती खरी वाटणेही साहजिक होते. अतिवेगवान छायाचित्रण हाती आल्यावर दिसले ते निराळेच. धार एकच असते; पण तिच्यावरील भार तिला सरळ राहू देत नाही, ती चाबकाच्या वादीसारखी वळसे घेऊ लागते, त्या वळशांना आणखी वळसे पडतात, आणि प्रत्येक वळशागणिक ती ताणली जाऊन बारीक होते. किती बारीक, याचा हिशेब वाचकांनी स्वतःच करून पाहावा. दहा टक्के बहुवारिक असलेले द्रावण तासास एक मिलिलिटर या संथ गतीने सोडले, आणि तंतूचा व्यास ५०० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी, धरला, तर त्या एका मिलिलिटरातून सुमारे ४५० किलोमीटर लांबीचे सूत निघते. मुंबईहून पुण्यास लोहमार्गाने जाऊन परत आले तरी ते संपावयाचे नाही. आणि वजन पाहू जाता ते ग्रॅमचा दहावा हिस्सा भरते.

परंतु ही झाली विद्युत्कातण मनासारखे चालले असता घडणारी गोष्ट. द्रावणात साखळ्यांची गर्दी अपुरी असली, त्या एकमेकींपर्यंत पोहोचत नसल्या, तर धार वळसे घेण्यापूर्वीच फुटते आणि पत्र्यावर नुसते शिंतोडे उडतात. गर्दी थोडी वाढली की मधली अवस्था येते, आणि हीच अवस्था या क्षेत्रातील विद्यार्थ्यांच्या डोळ्यांतून पाणी काढते: साखळ्यांचा गुंता धार तुटू देत नाही, पण पृष्ठताणही हार मानीत नाही, आणि तंतूवर जागोजाग मणी तयार होतात. सूक्ष्मदर्शकाखाली ही मण्यांची माळ दिसावयास मोठी सुबक असते. ती पाहून आनंद होणारा मनुष्य बहुधा पाहुणा असतो.

मणी वैद्यकास का चालत नाहीत, हे समजण्यासाठी शरीराच्या आतील विणकामाकडे पाहिले पाहिजे. आपल्या पेशी काही हवेत तरंगत नाहीत. त्यांच्याभोवती कोलॅजेन आदी प्रथिनांच्या तंतूंची एक जाळी असते, तीत पेशी पाय रोवतात, तीवरून सरकतात, आणि आपण कोणत्या अवयवात आहोत याची खूणही काही अंशी तीवरूनच ओळखतात. या तंतूंची जाडी साधारणतः ५० ते ५०० नॅनोमीटर. गिरणीतील कोणतेही यंत्र इतके बारीक सूत काढीत नाही. विद्युत्कातण नेमके याच मापाचे काढते. म्हणून भाजलेल्या त्वचेवरील आच्छादन, बारीक रक्तवाहिनीची नळी, तुटलेल्या नसेस टोकापासून टोकापर्यंत वाट दाखवणारी वाहिनी, मुदतीने औषध सोडणारी पट्टी, अशा अनेक कामांसाठी या कापडाकडे डोळे लागले आहेत. अशा कामी पॉलिकॅप्रोलॅक्टोन नावाचे बहुवारिक फार वापरतात. ते साठ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, शरीराच्या उष्णतेस मऊ पण टिकाऊ राहते, आणि दोन-तीन वर्षांच्या मुदतीत पाण्याने तुटत तुटत शरीराला निकालात काढता येईल अशा लहान रेणूंत विरून जाते. वॉलेस कॅरोदर्स या अमेरिकन रसायनज्ञाच्या मंडळाने ते प्रथम बनवले त्याचा वृत्तांत १९३४ सालचा, म्हणजे फॉर्महाल्सच्या पेटंटाच्याच वर्षाचा. पण या दोघांची गाठ पडावयास साठांहून अधिक वर्षे जावी लागली. असल्या कापडात मणी आले की तेथे ते कमजोर होते, औषध मण्यांत साठून तंतूत कमी पडते, आणि पेशीस हवी असलेली सारखी जाळी मिळत नाही.

मणी घालवण्याचे उपाय पूर्वीपासून ठाऊक आहेत, आणि त्या प्रत्येकाची किंमत आहे. बहुवारिकाचे प्रमाण वाढवावे, तर मणी जातात पण तंतू जाड होतो, आणि ज्या बारीकपणासाठी सारा खटाटोप त्यालाच मुकावे लागते. चिमूटभर लवण घालून द्रावणाची संवाहकता वाढवावी, म्हणजे धारेवर अधिक भार बसतो आणि ती अधिक ताणली जाते. किंवा साबणाच्या जातीचा एखादा पदार्थ घालून पृष्ठताण उतरवावा. किंवा अधिक उग्र द्रावक घ्यावा. हवा गाळण्याच्या कापडास यांपैकी काहीही चालते. पण जे कापड रोग्याच्या जखमेवर किंवा थेट शरीरात जावयाचे, त्याच्या बाबतीत जे जे घातले त्या प्रत्येकाचा जमाखर्च द्यावा लागतो: किती घातले, किती उरले, आणि उरले ते पेशीस काय करते. कातताना पाच मिनिटांची सोय करणारा पदार्थ पुढे परवानगीच्या कागदांत पाच वर्षे छळतो, असा या धंद्यातील अनुभव आहे. तेव्हा द्रावणात काही न घालता त्याचा स्वभाव बदलता येईल का, असा प्रश्न कोणाच्या तरी मनात येणे क्रमप्राप्तच होते.

येथे प्लाझ्मा या शब्दाविषयी खुलासा करणे अवश्य आहे, कारण वैद्यकाच्या संदर्भात तो आला की वाचकांचे मन रक्ताकडे धावते. रक्तातील पेशी वगळता उरणाऱ्या पिवळसर द्रवास प्लाझ्मा म्हणतात, तो निराळा. येथील प्लाझ्मा म्हणजे ज्यातील काही अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे झाले आहेत असा वायू. आपल्या परिभाषाकारांनी त्यास आयनद्रायू असा नेटका शब्द दिला आहे, तो व्यवहारात फारसा रुळला नाही एवढेच. अर्व्हिंग लँगम्यूर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२८ साली भौतिकीत प्लाझ्मा हा शब्द आणला. त्यास नोबेल मिळाले ते मात्र पृष्ठांच्या रसायनासाठी, आणि आजच्या आपल्या विषयात त्याची ही दोन्ही कामे एकत्र येतात.

आकाशातील वीज किंवा वेल्डिंगची ठिणगी हाही प्लाझ्माच. पण तसला प्लाझ्मा द्रावणाजवळ नेला तर द्रावण पेटेल. आपल्या कामाचा तो शीत प्लाझ्मा. घरातील ट्यूबलाइट पेटलेली असता तिच्या काचेला हात लावता येतो, आणि तरीही आतील इलेक्ट्रॉनांचे तापमान दहा हजार अंशांच्या घरात असते, ही गोष्ट ऐकणाऱ्यास प्रथम थाप वाटते. तिचे कारण साधे आहे. इलेक्ट्रॉन अणूच्या मानाने इतका हलका की, तो कितीही वेगाने आदळला तरी हत्तीच्या अंगावर ज्वारीचे दाणे मारावेत तसा प्रकार होतो. दाणे उसळतात, हत्ती जागचा हलत नाही. वायू थंड राहतो, पण तापलेले इलेक्ट्रॉन रेणूंचे बंध मात्र तोडू शकतात. म्हणजे भट्टीत घालून जी रसायने घडवावी लागतील ती खोलीच्या तापमानात घडतात. विजेची ठिणगी द्रवाच्या पृष्ठावर खेळवून रसायन घडवण्याचा उद्योगही नवा नाही. गुबकिन नावाच्या संशोधकाने १८८७ साली चांदीच्या लवणाच्या द्रावणावर तो केला आणि पृष्ठावर धातूची चांदी मिळवली.

वैद्यकीय कापडावर प्लाझ्माचा उपयोग बरीच वर्षे चालू आहे, पण तो कापड तयार झाल्यावर. पॉलिकॅप्रोलॅक्टोनचे कापड पाण्याला जवळ येऊ देत नाही. अळवाच्या पानावर ठरावा तसा थेंब त्यावर गोल ठरतो, आणि ज्यावर पाणी पसरत नाही त्यावर पेशीही नाखुशीनेच बसते. प्लाझ्मा दाखवला की तंतूच्या पृष्ठावर ऑक्सिजनयुक्त गट येतात आणि पाणी पसरू लागते. परंतु हा संस्कार काही नॅनोमीटरांच्या थरापुरताच असतो, जाड कापडाच्या आत तो कमीकमी पोहोचतो, आणि काही दिवसांनी पृष्ठावरील साखळ्या कूस बदलून नवे गट आत घेतात, तेव्हा कापड पुन्हा आपल्या मूळ पदावर येऊ लागते. शिवाय मुख्य गोष्ट ही की, कापडात मणी असले तर ते मणीच राहतात. विणलेले लुगडे रंगवणे आणि सूत रंगवून लुगडे विणणे यांत जो फरक, तोच येथे आहे. आणि द्रावणासच प्लाझ्मा दाखवणे म्हणजे कापूस पिंजण्याच्याही आधी रंगाचा विचार करण्यासारखे आहे.

हा विचार प्रत्यक्षात उतरवणाऱ्या प्रयोगशाळांची गावे मला मोठी अर्थपूर्ण वाटतात. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाने, जेथे वस्त्रविद्येचे मोठे महाविद्यालय आहे, २०११ च्या सुमारास पॉलिएथिलीन ऑक्साइडच्या द्रावणावर हा प्रयोग केला. त्यानंतर इटलीतील बोलोन्या येथे पॉलिलॅक्टिक आम्लाच्या द्रावणावर काम झाले. याच बोलोन्यात गॅल्व्हानीने अठराव्या शतकात बेडकाच्या पायांना विजेने हालचाल करावयास लावली होती. आणि २०१७ साली बेल्जियममधील गेंटच्या विद्यापीठातून पॉलिकॅप्रोलॅक्टोनविषयीचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला. गेंट हे जुने विणकरांचे शहर. अठराव्या शतकाच्या अखेरीस लीव्हेन बाउवेन्स याने इंग्लंडातून सूत कातण्याचे ‘म्यूल’ यंत्र सुटे भाग करून चोरून आणले, आणि गेंटला गिरण्यांचे दिवस आले. आणि ज्याच्या बॅकेलाइटने १९०७ साली कृत्रिम बहुवारिकांच्या युगाचा दरवाजा उघडला तो लिओ बेकेलँड जन्मला आणि शिकला तो याच गेंटात. सूत आणि बहुवारिक या दोन्ही वारशांचे कागद ज्या गावाच्या दप्तरी आहेत, त्याच गावात त्यांना जोडणारा हा तिसरा धागा निघावा, हा योगायोग असला तरी त्याची दखल घेतल्यावाचून राहवत नाही.

गेंटच्या प्रयोगाची मांडणी पाहावयास अगदी साधी. काचेच्या बाटलीत क्लोरोफॉर्म आणि डायमिथाइल फॉर्मामाइड यांच्या मिश्रणात विरघळलेले पॉलिकॅप्रोलॅक्टोन. त्यावर एक बारीक काचनळी. नळीतून आर्गॉन वायू येतो, आतील विद्युदग्रावर, म्हणजे इलेक्ट्रोडवर, काही हजार व्होल्ट येतात, आणि नळीच्या तोंडाशी निळसर-जांभळी एक जिभली लवलवू लागते. काही मिनिटे एवढेच. मग तेच द्रावण पिचकारीत भरून कातले असता, जेथे पूर्वी मण्यांची माळ येत होती तेथे गुळगुळीत, सारख्या जाडीचे तंतू येतात. मोजमाप केल्यावर दिसते की द्रावणाची संवाहकता वाढली आहे, श्यानता वाढली आहे, आणि त्यात आम्लता आली आहे. काही न घालता हे कसे घडले, तर क्लोरोफॉर्मचा रेणू फुटला, त्यातील क्लोरीनने हायड्रोजन धरला, आणि हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होऊन द्रावणात आयन आले. लवण घातल्याने जे झाले असते तेच झाले. फरक इतकाच की लवण बाहेरून आणावे लागले नाही, द्रावकाच्याच घरातून निघाले.

आणि येथेच मला, या विषयाचा चाहता असूनही, हिशेबनिसाची भूमिका घ्यावीशी वाटते. ‘बाहेरून काही घातलेले नाही’ हे वाक्य या पद्धतीची सनद म्हणून वारंवार पुढे केले जाते. ते अक्षरशः खरे आहे. पण खतावणीत जमेच्या बाजूस बाहेरची रक्कम नसली तरी घरातल्या घरात उलाढाल झाली असेल तर तिचीही नोंद लागते. आम्ल तयार झाले, ते तंतूत किती उरले? पॉलिकॅप्रोलॅक्टोनच्या साखळीतील एस्टर बंध आम्लाच्या संगतीने लवकर तुटतात, तर कापडाची शरीरातील मुदत दोन वर्षांऐवजी दीड तर झाली नाही? इलेक्ट्रॉनांच्या माराने साखळ्या तुटल्या, की उलट एकमेकींस जोडल्या गेल्या? क्लोरोफॉर्म हा एके काळचा वैद्यकाचा उपकारकर्ता. १८४७ साली एडिंबरोच्या सिम्प्सन या डॉक्टराने तो हुंगवून प्रसूतीच्या वेदना थांबवल्या तेव्हा त्याचे केवढे स्वागत झाले होते. आज औषधांतील अवशिष्ट द्रावकांच्या आंतरराष्ट्रीय मर्यादेत त्यास दशलक्ष भागांत अवघे ६० भाग, आणि डायमिथाइल फॉर्मामाइडला ८८० भाग, एवढीच जागा आहे. मूळ द्रावकाचे हे हाल, तर त्याच्या फुटलेल्या तुकड्यांची चौकशी अधिकच कसोशीने झाली पाहिजे.

दुसरी शंका याहून साधी आहे, आणि म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होण्याचा संभव अधिक. उघड्या बाटलीच्या तोंडाशी वायूचा झोत सोडला की क्लोरोफॉर्म उडतो. तो अवघ्या ६१ अंशांस उकळणारा द्रव आहे. द्रावक उडाला की बहुवारिकाचे प्रमाण वाढले, श्यानता वाढली, आणि मणी गेले. यात प्लाझ्माने काय केले? चूल पेटवली म्हणून पाक दाट झाला, की नुसते पंख्याखाली ठेवले असते तरी झाला असता?

हा प्रश्न माझ्या मनात पुस्तके वाचून आला असे म्हणणे खोटे होईल. एका आषाढात मुंबईतील एका प्रयोगशाळेत माझे जाणे झाले होते. बाहेर पावसाने झोड उठवलेली, आतील हवा कोरडी करण्याचे यंत्र आठवडाभर बंद, आणि भिंतीसुद्धा ओलसर लागत होत्या. अशा हवेत क्लोरोफॉर्म उडताना धार इतकी थंड होते की तिच्यावर दव धरते आणि तंतूला खळगे पडतात. तेथे काम करणारी मुलगी काचेच्या पेटीसमोर स्टुलावर बसली होती. मला पाहून उठली आणि म्हणाली, ‘सर, आज जेट धरतच नाहीये. सकाळपासून नुसता फवारा होतोय.’ पेटीत पाहिले तर सुईच्या टोकाशी शंकू क्षणभर बसे, थरथरे, आणि ठिबकून जाई. पत्र्यावरील अ‍ॅल्युमिनियमच्या कागदावर पांढऱ्या कापडाऐवजी ओलसर ठिपके होते.

तिने मला तीन बाटल्या दाखवल्या. पहिली जशीच्या तशी. दुसरीस तिने प्लाझ्मा दाखवला होता. तिसरीविषयी मी विचारले तेव्हा ती थोडी संकोचली, जणू काही अनावश्यक उद्योग केल्याचे पकडले गेले असावे. मग म्हणाली, ‘हिच्यात आर्गॉन तेवढाच वेळ सोडला, पण व्होल्टेज दिलंच नाही. आमच्याकडे कुणी मागितलं नव्हतं, पण मलाच राहवेना.’ तिन्ही बाटल्या तिने तराजूवर आधी आणि नंतर तोलल्या होत्या आणि जेवढा द्रावक उडाला तेवढा मोजून परत घातला होता. नमुने मागच्या आठवड्यातील, हवा बरी असतानाचे होते. सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांत पहिलीचे तंतू मण्यांनी भरलेले होते, तिसरीचे जवळजवळ तसेच, आणि दुसरीचे गुळगुळीत. हे एका मुलीचे एका आठवड्याचे काम. त्यावर मी सिद्धान्त उभारीत नाही. पण वाचकांपैकी ज्या कोणास या विषयातील पुढील लेखन वाचावयाचे असेल, त्याने प्रत्येक ठिकाणी आधी ही तिसरी बाटली शोधावी, आणि ती सापडेपर्यंत लेखकाच्या उत्साहात सामील होण्याची घाई करू नये, असे माझे सांगणे आहे.

निघताना माझे लक्ष दुसऱ्या बाटलीवरील चिठ्ठीकडे गेले. तीवर द्रावणाचे प्रमाण होते, वायूचा वेग होता, आणि त्याखाली निळ्या शाईने तारीख लिहून तीपुढे तास आणि मिनिटेही लिहिली होती. वेळ कशासाठी, असे मी विचारले. ती म्हणाली, ‘सकाळी ट्रीट केलं आणि संध्याकाळी काढलं, तर तंतू वेगळे येतात, सर. का ते अजून पाहायचंय.’ मग तिने बाटलीचे बूच घट्ट केले, ती शीतकपाटात ठेवली, आणि पेटीचे दार उघडून सुई पुसावयास घेतली.